काचेच्या गाडीवरून वडगावला

अण्णा,

आज दुपारी अक्कांनी मला खाली बोलावलं. तुमचा पुतण्या रेल्वेचं वेळापत्रक उघडून बसला होता. तुमच्या अस्थी परसातल्या चाफ्याच्या फांदीला बांधून ठेवल्या आहेत, आणि त्या वडगावलाच न्यायच्या असं घरात सगळ्यांनी धरून ठेवलंय. का धरू नये? दुकानात गिऱ्हाईक असो वा नसो, तुम्ही किती वर्षं एकच सांगत आलात, "मेलो की मला वडगावला न्या रे. इथं ठेवू नका."

अक्का म्हणाल्या, "सुधीर, ते गाव ह्यांच्याबरोबर तूच बघितलंस. नदी आहे काय तिथं? अस्थी सोडायला बरी जागा आहे ना?"

मी म्हटलं, "ओढा आहे."

एवढं सांगून जिना चढलो. वर खोलीत येऊन बसलोय. अक्कांना जे सांगायचं की नाही याचा घोळ पडलाय, ते आधी तुमच्याशी बोलून घेतो. तुमच्याशी बोलल्याशिवाय काही ठरवायचं नाही, ही सवय तुम्हीच लावलीत.

मी नोकरीसाठी बेंगळूरला आलो तेव्हा आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर होतो आणि बसवरची पाटीसुद्धा मला वाचता येत नव्हती. बार्शीकडच्या ज्या शाळेत शिकलो तिथेच वडील शिपाई. सरकारी कारखान्यात इंजिनियर म्हणून घेतलं होतं, पण राहायला जागा नव्हती. बसवनगुडीत खोली शोधत फिरत होतो. तेवढ्यात वीज गेली आणि एका कापडाच्या दुकानातल्या अंधारातून आवाज आला, "मेल्या, आत्ताच जायचं होतं तुला? अर्धं कापड मोजून झालंय माझं!"

इतकं घरच्यासारखं वैतागलेलं मराठी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. मी सरळ आत शिरलो.

"मराठी की? कुठला?" तुम्ही विचारलंत. मी बार्शी म्हटलं. तुम्ही हातातलं कापड खाली ठेवलंत. "बार्शी? मग वडगाव तुला ठाऊक असणार. आम्ही वडगावकर."

मी भोळेपणाने खरं ते सांगून टाकलं, "साहेब, आमच्याकडे दर चार गावांमागे एक वडगाव आहे."

तुमचा चेहरा पडला. मला वाटलं, खोली गेली. पण तुम्ही म्हणालात, "होगली, जाऊ दे. त्यातलं एक तरी तुझ्या घराजवळ असेल की." आणि वरच्या खोलीची किल्ली काढलीत. "साहेब नको म्हणूस. अण्णा म्हण. स्वल्प थांब, अक्का चहा देईल."

अण्णा, मला कावीळ झाली तेव्हा अक्कांनी मुगाचं पाणी दिलं आणि तुम्ही रोज दुकान बंद करून वर येऊन माझ्या कारखान्याच्या गोष्टी ऐकत बसलात. लेथ म्हणजे काय, हे तुम्ही माझ्याकडून तीन-तीनदा समजून घेतलंत. तुम्हाला लेथचं काही पडलेलं नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं. मला बोलतं ठेवायचं होतं.

आणि तुमची गाडी. म्हैसूरकडची मोटरसायकल, अडीचशे सीसीची, दोन सायलेन्सरची. तिच्या अंगावर तुम्ही काही म्हणता काही ठेवलं नव्हतं. लेगगार्ड काढलेलं, कॅरियर काढलेलं, सीटही पातळ. आरसा एकच, तोही पोलिसांसाठी. मी एकदा म्हटलं, पुढे लहानशी काच लावू, धूळ येते डोळ्यांत. तुम्ही म्हणालात, "अख्ख्या बसवनगुडीला मी कपडे घालतो. माझी एक गाडी तरी उघडी राहू दे."

तिच्यावरच तुम्ही मला चालवायला शिकवलंत. "क्लच म्हणजे बायकोचा हात. एकदम सोडायचा नाही." स्वयंपाकघराच्या खिडकीतून अक्का म्हणाल्या होत्या, "माझा हात कधी धरला होता, ते आधी सांगा त्याला." तुम्ही एवढ्या जोरात किक मारलीत की पुढचं काही ऐकू आलं नाही.

वडगावला तुम्हाला त्याच गाडीवरून जायचं होतं. रेल्वेने नाही, बसनेही नाही. तुमचे पूर्वज फौजेबरोबर घोड्यावरून दक्षिणेत उतरले, असं तुमच्या घरात सांगत आलेत. "घोड्यावरून आलेला माणूस तिकीट काढून परत जाईल काय?" हे तुमचं नेहमीचं. अक्कांचंही नेहमीचं ठरलेलं होतं. "तुमचे लोक फौजेचे तंबू शिवायला आले होते. तंबू शिवणारे घोड्यावर कशाला बसतील? मागून चालत आले असतील, सुईदोरा घेऊन."

"तू बघितलंस काय?"

"तुम्ही बघितलंत?"

हा वाद मी किती वेळा ऐकला असेन. दोघांनाही तो संपवायचा नव्हता.

मग तुमचा दमा वाढला. कापडाची धूळ, आणि त्यात या शहराची हवा. डॉक्टर म्हणाले, छातीवर वारा घ्यायचा नाही. तुम्ही घरी येऊन सांगितलंत, डॉक्टर म्हणाले फार वारा घ्यायचा नाही. 'फार' हा शब्द तुम्ही वाटेत घातला होता. आणि पुढच्याच रविवारी मला म्हणालात, "चल, कोलारपर्यंत जाऊन येऊ. वडगावचा अंदाज घेऊ."

होसकोटे मागे पडलं, रस्ता मोकळा झाला आणि तुम्ही गाडी सोडलीत. मी मागे बसलो होतो. उघड्या गाडीवर वेग वाढला की माणूस आपोआप टाकीवर वाकतो, तसे तुम्ही वाकलात. एक ट्रक समोरून गेला, त्याच्या मागे धुळीचा लोट. त्यानंतर गाडी हळू होत गेली आणि एका चिंचेखाली थांबली. तुम्ही उतरला नाहीत. दोन्ही हात टाकीवर टेकून बसून राहिलात, आणि तुमच्या श्वासाचा आवाज मला ऐकू येऊ लागला. पंप तुमच्या मागच्या खिशात होता. तो तुम्हाला काढता येईना. मी काढला.

बऱ्याच वेळाने तुम्ही किल्ली माझ्या हातात दिलीत. "तू घे."

मागे बसायची तुम्हाला सवयच नव्हती. हात कुठे ठेवायचे ते कळेना. आधी सीटला धरलंत, मग माझ्या शर्टाला, आणि शेवटी खांद्यांवर ठेवलेत. घडी केलेलं कापड ठेवावं तसे, वजन न देता. अक्कांनी दारातूनच बघितलं, कोण पुढे आणि कोण मागे. त्या रागावल्या नाहीत, म्हणून मला जास्त भीती वाटली.

रात्री जेवताना त्या म्हणाल्या, "गाडी विका. गाव नको नि काही नको." तुम्ही ताटातून मान वर केली नाहीत. तेव्हा मी ठरवलं, काही झालं तरी तुम्हाला वडगाव दाखवायचं. तुमच्यासाठी मला करता येण्यासारखं ते एकच होतं.

व्हाइटफील्डची ती बुलेट मला कारखान्यातल्या मित्राने सांगितली. तिकडे जुने बंगले, आंब्याची झाडं आणि दुपारी रस्त्यावर कुत्रंही नाही. एका बंगल्यात निवृत्त अँग्लो-इंडियन गृहस्थ. पत्नीला घेऊन ते निलगिरीत फिरायचे, म्हणून गाडी तशी करून घेतली होती. पुढे छातीभर उंचीची काच, पायांना वारा लागू नये म्हणून कातडी झडपा, मागे दोन्ही बाजूंना पत्र्याचे डबे, रुंद जाड सीट. पत्नी गेल्यापासून गाडी उभीच होती.

मी तुम्हाला वर्णन केलं. तुम्ही म्हणालात, "ती गाडी आहे की बिऱ्हाड?"

"अण्णा, तुमची गाडी शहरात राजा आहे. पण दिवसभर चालवायचं म्हटलं की हात, कंबर, छाती, सगळं वाऱ्याशी भांडत राहतं. काच असली की वारा डोक्यावरून जातो. बुलेट जड आहे, ट्रक गेला तरी हलणार नाही. जोरात पळत नाही, पण दिवसभर चालते."

"वारा लागणार नसेल तर गाडीवर बसायचं कशाला? घरात खुर्ची आहे."

"वडगावला जायचंय ना?"

तुम्ही जेवणाचं ताट पुढे ओढलंत. मग म्हणालात, "सरी."

कानडीत सरी म्हणजे बरोबर, ठीक आहे, एवढं मी तोवर शिकलो होतो. मी खूश झालो. दुसऱ्याच दिवशी व्हाइटफील्डला जाऊन त्या गृहस्थांना शब्द देऊन आलो, आणि संध्याकाळी पेढे घेऊन दुकानात हजर. तुम्ही पेढा हातात धरून विचारलंत, "कशाचा?"

"गाडी ठरली."

"कुणाची गाडी? मी कधी हो म्हटलं?"

"काल तुम्ही सरी म्हणालात."

"अय्यो! सरी म्हणजे ऐकलं! ऐकलं, आता पुरे, जेवू दे!"

घरी आल्यावर अक्का पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. किती दिवसांनी हसल्या होत्या! "अरे बाबा, ह्यांच्या सरीवर जाऊ नकोस. एवढ्या वर्षांत त्याचा अर्थ एकदाच हो झाला, लग्न ठरताना. तेव्हासुद्धा माझ्या बापानं दोनदा विचारून घेतलं."

मी म्हटलं, "चुकलं माझं. मी उद्या जाऊन नाही सांगतो."

तुम्ही चपला काढता काढता थांबलात. "शब्द दिलास? माझं नाव सांगून?"

"होय."

"मग आयतु. झालं. वडगावकराचा शब्द परत येत नाही." आणि तो पेढा, जो दुकानापासून हातातच होता, तोंडात टाकलात.

उघडी गाडी तुम्ही पुतण्याला दिलीत. टाकी पुसलीत, किल्ली दिलीत आणि आत निघून गेलात. दुसऱ्याच दिवशी त्याने तिला कॅरियर बसवलं, कापडाचे गठ्ठे न्यायला. तुम्ही दुकानाच्या पायरीवरून बघितलंत. "अंगावर काही नव्हतं तोवर ऐट होती तिची," एवढंच म्हणालात. मला वाटलं, तुम्ही माझ्यावर नाराज आहात. मी तुम्हाला कधी विचारलं नाही. आता विचारतो आहे, होतात का?

बुलेटची जुनी सीट फाटली होती, म्हणून आपण जे. सी. रोडला गेलो. मागे टेकायला पाठ हवी, असं मी सीटवाल्याला आधीच सांगून ठेवलं होतं. तुम्हाला सांगितलं नव्हतं. तो टेप घेऊन आला आणि म्हणाला, "बेन्नु यारदु, सार?" पाठ कुणाची?

मी फोमच्या ढिगाकडे बघू लागलो. तुम्ही माझ्याकडे बघत होतात, ते मला न बघताही कळत होतं. ज्या गाडीसाठी तुम्ही इतकं सोडलं होतंत, ती तुम्ही चालवणारच नव्हतात, हे त्या एका प्रश्नात उघड झालं. मग स्टूल सरकल्याचा आवाज आला. तुम्ही त्याच्याकडे पाठ करून बसलात.

"घे, माझी. आणि स्वल्प सैल ठेव. आत स्वेटर घालणार आहे मी."

त्यावर आपण पुढे कधीच बोललो नाही. मी कृतज्ञ आहे, अण्णा, हे तेव्हाच म्हणायला हवं होतं. माझ्या तोंडून निघालं ते, "चहा घ्यायचा का?"

दिवाळी झाल्यावर निघालो. तुमकूरपर्यंत तुम्ही मुद्दाम ताठ बसला होतात, पाठीला न टेकता. सिऱ्याच्या पुढे टेकलात. मी आरशात बघून न बघितल्यासारखं केलं. आणि चित्रदुर्गाच्या अलीकडे एक गंमत घडली. तुम्ही मागून काहीतरी म्हणालात आणि मला ते ऐकू आलं. साधं बोलल्यासारखं. उघड्या गाडीवर आपण इतके हिंडलो, म्हैसूरच्या रस्त्याला दर खेपेला मद्दूरला वडे खायला थांबलो, पण चालत्या गाडीवर बोललो कधीच नव्हतो. वारा शब्द घेऊन जायचा. या काचेमागे तो नव्हता.

तिथून होस्पेटपर्यंत तुम्ही बोलत होतात. तुमच्या वडिलांबद्दल, ज्यांनी आयुष्यभर वडगाव वडगाव केलं आणि कृष्णा नदीसुद्धा ओलांडली नाही. शाळेत पोरं तुम्हाला मराठी म्हणून चिडवायची त्याबद्दल. आणि सोलापूरहून आलेले कापडवाले तुमचं मराठी ऐकून हसतात त्याबद्दल. "इथं आम्ही तिकडचे आणि तिकडचे म्हणतात, हे कानडी आहेत. एकदा तरी कुठं जाऊन सांगायचंय रे, हे माझं." मी पुढे बघत गाडी चालवत होतो. समोरासमोर बसून तुम्ही हे मला कधी सांगितलं नसतं.

होस्पेटला उतरल्यावर तुम्ही काचेवरचे किडे पुसत म्हणालात, "काच वाईट नाही. दिसायला वाईट आहे."

इलकलला थांबून तुम्ही दोन साड्या घेतल्यात, एक अक्कांना, एक माझ्या आईला. दुकानदाराला पदर उलटा करून दाखवायला लावलात. सोलापुरात मुक्काम केला आणि सकाळी निघालो. कुठल्या वडगावला जायचं, हा आपला वाद शेवटपर्यंत संपला नव्हता. मी पाच-सहा नावं सांगितली होती. तुम्ही म्हणालात, "तुझ्या गावाजवळचं कुठलं?" मी सांगितलं. "मग तेच माझं. तुझे आईवडील पण बघून होतील."

गावाच्या अलीकडे तुम्ही गाडी थांबवायला सांगितलीत. डब्यातून नवा पांढरा शर्ट काढून घातलात. आणि म्हणालात, "इथून मी."

ती बैलगाडीची वाट होती. तुम्ही पहिल्या गिअरमध्ये बुलेट घेतलीत, अगदी सावकाश, ताठ बसून. मी मागे, तुमच्या मापाच्या पाठीला टेकून.

देवळासमोर एक म्हातारे गृहस्थ तंबाखू मळत बसले होते. तुम्ही उतरून नमस्कार केलात. "वडगावकरांचं घर कुठलं की?"

"कुणाचं?"

"वडगावकर. मी बेंगळूरचा वडगावकर."

त्यांनी तुम्हाला वरपासून खालपर्यंत बघितलं. "आवो पावणं, हितं कुणी वडगावकर न्हाई."

"एकही नाही?"

"कसा आसंल? हितं समदीच वडगावची. गावात ऱ्हातो त्याला कशाला कोण गावाचं नाव लावतंय? हितं आम्ही पाटील, सुतार, माळी. गाव सोडून भायेर गेला, की तिथली लोकं म्हणत्यात, ह्यो वडगावकर." मग त्यांना काहीतरी लक्षात आलं. "तुमी ह्या गावातनं गेल्यालं म्हणा की! कवा गेलाव?"

तुम्ही म्हणालात, "दोनशे-तीनशे वर्षं झाली म्हणतात."

"मंग लई दिसानी आलाव! बसा, च्या घ्या."

त्यांनी खरंच चहा मागवला. कुणाच्यातले, म्हणून विचारलं, तेव्हा तुम्ही बशीत आणखी चहा ओतून घेतलात. मी मान खाली घालून बशीतला चहा पीत होतो. बार्शीत वाढलो, इंजिनियर झालो, आणि एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. आमच्या गावातही गावाच्या नावाचं आडनाव कुणाचंच नाही. बघितलेलं होतं, पण कळलेलं नव्हतं.

निघताना तुम्ही ओढ्याजवळ थांबायला सांगितलंत. मला वाटलं, रडाल. तुम्ही हसायला लागलात. खोकला येईपर्यंत हसलात. "तीनशे वर्षं आम्ही सांगतोय, आम्ही वडगावकर, आम्ही वडगावकर. म्हणजे काय? आम्ही गेलेले, आम्ही गेलेले!"

मी घाईघाईने म्हटलं, "अण्णा, हे नसेल. दुसरं वडगाव बघू. कुर्डुवाडीकडे आहे एक."

"नको रे. सगळीकडे हेच सांगतील. आणि खरंच सांगतील."

मग आमच्या घरी आलो. वडील शाळेतून खाकी कपड्यांतच आले. त्यांनी गाडीभोवती फेरी मारली, काचेवर हलकेच टिचकी मारली. "एवढी काच कशाला?"

"तुमच्या मुलाला विचारा," तुम्ही म्हणालात. "त्यानं मला बेंगळूरपासून इथवर आणलं, आणि केस विस्कटू दिला नाही."

वडिलांना मी काय काम करतो ते कधी नीट समजलेलं नाही. पण त्या वाक्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. अण्णा, माझी पदवी त्या दिवशी आमच्या घरात पोहोचली.

परतताना विजापूरच्या बाहेर चहाला थांबलो होतो. तुम्ही म्हणालात, "वडगावातलं घरी सांगू नकोस. गाव बघितलं, एवढंच सांगू. सरी?"

मी म्हणालो, "सरी."

तुम्ही तसंच सांगत राहिलात. दुकानात येईल त्याला ओढा, देऊळ, बशीतला चहा. कुणी विचारलं घर सापडलं काय, तर म्हणायचात, "गाव सापडलं की." आणि गेल्या आठवड्यात, गिऱ्हाईकाला रंग दाखवता दाखवता, तुम्ही गेलात. मी कारखान्यात होतो. घरी पोहोचलो तोवर सगळं झालं होतं.

आता हे रेल्वेचं वेळापत्रक आलंय. मी गप्प राहिलो तर तुमचा पुतण्या कलश घेऊन त्या देवळासमोर जाईल आणि विचारेल, वडगावकरांचं घर कुठलं? तेच उत्तर त्याला मिळेल, आणि हातात तुम्ही असाल. मला ते सहन होत नाही. पण बोललो तर तुम्हाला दिलेला शब्द मोडतो.

असं वाटत होतं दुपारपासून. हे लिहिता लिहिता ध्यानात आलं, की मी शब्द दिलेलाच नाही. मी सरी म्हणालो होतो. त्याचा अर्थ तुमच्याच घरात शिकलोय, अण्णा. मी ऐकलं होतं.

एवढं लिहून मी खाली गेलो आणि अक्कांना सगळं सांगितलं. तुमचं हसणंही सांगितलं, तुमचं वाक्यही.

त्यांनी एकदा चाफ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "म्हणजे तिथं एकसुद्धा वडगावकर नाही?"

"नाही."

"आणि इथं? दुकानावर पाटी वडगावकर, हा समोर बसलाय तो वडगावकर, मी एवढी वर्षं वडगावकरीण. वडगावकर आहेत ते इथंच आहेत की."

पुतण्या म्हणाला, "पण काकू, काका नेहमी म्हणायचे, मला वडगावला न्या..."

"म्हणायचे. तिकडून आल्यापासून एकदा तरी म्हणाले? मी वाट बघत होते, म्हणतील म्हणून. नाही म्हणाले." त्यांनी वेळापत्रक मिटून त्याच्या हातात दिलं. "श्रीरंगपट्टणला न्यायचं. कावेरीत. उद्याच."

मला हे लक्षात आलं नव्हतं, अण्णा. एकाच घरात राहत होतो, पण ऐकत होत्या त्या.

पुतण्या मोटार ठरवायला उठला. अक्का म्हणाल्या, "आम्ही सगळे मोटारीनं येतो. ह्यांना नको तीत. बंद मोटारीत गुदमरायचे. सुधीर, तू गाडीवरून घेऊन ये."

एवढं म्हणून त्या आत गेल्या. मी बरं म्हटलं आणि वर आलो.

गाडी पुसून झाली आहे, हवा बघितली आहे. उजाडता उजाडता निघू. मोटारवाले सरळ पुढे जातील, जाऊ देत. मद्दूरला आपण थांबू. गरम वड्यांचा घाणा यायला वेळ लागला तरी थांबू. तिथं न थांबता त्या रस्त्याने पुढे जायची आपली पद्धत नाही.